चौसष्ट घरांची अक्का

"कुठून कुठपर्यंत?" हा अक्काचा प्रश्न. तो ती कुणालाही विचारायची. चहावाला 'येतो थोड्या वेळात' म्हणाला तरी, आणि आमचे मालक 'मेमरीत बसून जाईल, अक्का' म्हणाले तरी. 'बसून जाईल' हे तिला चालायचं नाही. कुठल्या पत्त्यापासून सुरू होतं आणि कुठल्या पत्त्यावर संपतं, हे दोन आकडे सांगा, मग बोलू. आकडे सांगता आले नाहीत की ती चष्मा नाकावर ओढून परत सोल्डरिंगला लागायची. समोरचा माणूस तिच्यापुरता खोलीतून निघून गेलेला असायचा.

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात आम्ही ठिबकचा डबा बनवतो. पंपाच्या खोलीत भिंतीवर तो लागतो. ठरलेल्या वेळी पंप चालू करायचा, शेताच्या एकेका तुकड्याचा व्हॉल्व्ह उघडायचा, विहीर खाली गेली तर पंप थांबवायचा, एवढंच त्याचं काम. डब्याच्या आत नखाएवढी चिप असते आणि तिच्यात हे सगळं शहाणपण लिहिलेलं असतं. ते लिहिणारी आणि तपासणारी बाई म्हणजे अक्का. पिंपळनेरजवळच्या खेड्यातली. धुळ्याच्या आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या वर्गात ती एकटी मुलगी होती. पुढे टीव्ही दुरुस्त केले, लग्नानंतर जळगावला आली आणि या कारखान्यात चिकटली. चिपांचे जाडजूड इंग्रजी कागद तिने शब्दकोश मांडीवर घेऊन वाचले. मी पदविका घेऊन तिच्या हाताखाली लागले, तेव्हा मला वाटत होतं की मी तिला नवीन काही शिकवीन.

माझा बाप धुळ्यात शेतमजुरांच्या संघटनेची पत्रकं काढायचा. ओला कागद वाळत घालणं, घड्या पाडणं, बसस्टँडवर वाटणं यात माझं लहानपण गेलं. त्यामुळे अन्याय कुठे आहे हे मला लगेच दिसायचं आणि त्यावर मोठमोठी वाक्यं तयार असायची. अक्काला मोठ्या वाक्यांचं वावडं होतं. ती माझी वाक्यं पूर्ण ऐकून घ्यायची, आणि मग म्हणायची, आता कामाचं सांग. कारखान्यात ती शुद्ध मराठी बोलायची. खानदेशी फक्त मनातलं बोलताना यायची, त्यामुळे ती बोली ऐकू आली की आम्ही सगळे हातातलं काम थांबवायचो.

तिच्या टेबलामागे लोखंडी कपाट होतं. त्याच्या दाराच्या आतल्या बाजूला तिने पांढऱ्या रंगाने एक उभी पट्टी रंगवली होती आणि तिची चौसष्ट घरं पाडली होती. चिपच्या पोटात कायम टिकणारी जागा असते, तिला फ्लॅश म्हणतात. वीज गेली तरी तिथे लिहिलेलं पुसत नाही. आमच्या चिपच्या कागदात ही जागा चौसष्ट किलोबाइट दिली होती. अक्काने एका किलोबाइटला एक घर दिलं. तळाची आठ घरं पहारेकऱ्याची. वीज आली की आधी तो जागा होतो, सगळं धड आहे का बघतो आणि मुख्य प्रोग्रामला हाक मारतो. त्याच्यावर प्रोग्राम. सगळ्यात वरची दोन घरं शेतकऱ्याने भरलेल्या वेळांची. प्रोग्राम बदलला की अक्का कपाट उघडून घरं पुसायची आणि रंगीत खडूने नव्याने भरायची. कॉम्प्युटर हे सगळं एका ओळीत सांगतो, इतके टक्के भरलं म्हणून. पण अक्काचा टक्क्यांवर विश्वास नव्हता. "टक्क्यांत कोण कोणाच्या घरात घुसलंय ते दिसत नाही," ती म्हणायची.

मला ते पहिल्याच महिन्यात कळलं. चाचणीसाठी लागणारं सगळं सामान मी प्रोग्रामच्या आतच ठेवून दिलं होतं. कॉम्प्युटर म्हणाला, जागा आहे. डबा छान चालला. दुपारी अक्काने पाण्याची एक वेळ बदलली आणि डबा मेला. बटण दाबा, वीज काढा, काही केलं तरी पडद्यावर अक्षर नाही. मी चिप बदलायला निघाले तर अक्काने कपाटाचं दार उघडलं आणि मलाच घरं मोजायला लावली. माझा प्रोग्राम पंचावन्न घरांचा झाला होता. वेळांसाठी राखलेल्या घरांपैकी एकात त्याने पाय टाकला होता. फ्लॅशमध्ये एकच आकडा बदलायचा असला तरी ते पूर्ण घर आधी पुसावं लागतं. अक्काने वेळ बदलली तेव्हा डब्याने घर पुसलं, आणि तिथेच माझ्या प्रोग्रामची शेपटी होती. वरची दोन घरं कुणासाठी राखलीत हे कॉम्प्युटरला मी सांगितलंच नव्हतं. अक्का रागावली नाही. तिने मला एक आठवडा रोज सकाळी घरं भरायला लावली, बस.

तिची आणखी एक सवय होती, आणि नवीन माणूस ती बघून घाबरायचा. ती मुद्दाम वीज घालवायची. डबा नवीन वेळ लिहून घेत असताना, नेमक्या त्या क्षणी, ती टेबलावरचा खटका खाली करायची. परत वर. परत खाली. एका हातात चहा, एका हातात खटका. आमच्याकडे शेतातली वीज कशी येते-जाते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला याचं कारण सांगायला नको. घर पुसून झालंय आणि नवीन अजून लिहायचंय, तेवढ्यात वीज गेली तर शेतकऱ्याच्या वेळा गेल्या. म्हणून तिने दोन घरं ठेवली होती. नवीन वेळ दुसऱ्या घरात लिहायची, वाचून खात्री करायची, आणि मगच जुनं घर पुसायचं. दोनशे वेळा खटका मारून एकदाही वेळ हरवली नाही, तरच ती चाचणीच्या कागदावर सही करायची. शंभराव्या वेळी कुणी पुरे म्हणालं तर ती पहिल्यापासून मोजायला घ्यायची.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले ती सांगते. आमच्या डब्याच्या पडद्यावर सगळं इंग्रजी होतं. लो वॉटर पंप फॉल्ट, व्हॉल्व्ह थ्री फेल. चोपड्याकडच्या केळीच्या शेतात हा डबा लागला की दोन महिन्यांत कुणीतरी वायर ओढून पंप डायरेक्ट करायचं, आणि डबा भिंतीवर मुका लटकत राहायचा. मी मालकांशी भांडले. ज्याच्या शेतात डबा लागतो त्याच्या भाषेत तो का बोलत नाही, हा माझा सवाल होता, आणि तो मी बापाच्या पत्रकासारखाच मांडला. मालकांना आम्ही भाऊ म्हणतो. भाऊ माणूस वाईट नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी एका शेतकरी गटाला डबे बघायचे होते, दिवस ठरला होता, तीन आठवडे हातात होते. भाऊ म्हणाले, कर मराठी, पण त्या दिवशी भिंतीवर चालता डबा पाहिजे. नाही झालं तर इंग्रजीच नेऊ, आणि मग मराठीचं नाव काढू नकोस.

मी आठ दिवसांत मराठी केलं. अक्षरांची चित्रं, जोडाक्षरं, दोनशे चाळीस सूचना. छान झालं होतं. मग कपाटाचं दार उघडलं. मधे घरं होती चोपन्न. जुना प्रोग्राम एकोणचाळीस घरांचा, माझं मराठी एकोणतीस घरांचं. चौदा घरं बाहेर लोंबत होती.

तेव्हा मला ती युक्ती सापडली, जी या धंद्यात पुष्कळांना माहीत असते. आमच्या त्या चिपवर चौसष्ट लिहिलेलं असलं तरी आत बहुतेक वेळा दुप्पट जागा असते. बनवणारा दोन्ही प्रकार एकाच साच्यातून काढतो आणि अर्ध्यांवर लहान आकडा छापतो, असं लोक सांगतात. मी ड्रॉवरमधल्या दहा चिपा काढल्या, चौसष्टच्या पलीकडे लिहून पाहिलं, परत वाचून पाहिलं. दहाच्या दहा चालल्या. मी नाचतच अक्काकडे गेले. पट्टी वर वाढवा म्हटलं, जागाच जागा आहे.

अक्काने दहाही चिपा नीट पाहिल्या. मग मला म्हणाली, "अकरावीनं काय?"

बोली आली म्हणून सगळे थांबले. मी म्हटलं, अकरावीही चालेल. तिने चिपचा छापील कागद काढला, बोट ठेवलं आणि सांगितलं की बनवणाऱ्याने चौसष्ट लिहून दिलेत. पलीकडचं त्याने तपासलं का, तपासून नापास केलं का, हे तो सांगत नाही. आज चालेल. दोन उन्हाळे जाऊन त्यातलं एक अक्षर सुटलं तर? पुढचं पाकीट भाऊंनी दुसरीकडून आणलं आणि त्याच्यात पलीकडे काहीच नसलं तर? मे महिन्यात केळीचं पाणी चार दिवस बंद राहिलं तर बाग झोपते, आणि त्या माणसाला कधी कळणारही नाही की कशामुळे.

भाऊ आले. त्यांनी समजावलं की सगळे वापरतात, मोठमोठे वापरतात. अक्का ऐकत राहिली. शेवटी भाऊ जरा तापले आणि म्हणाले की मग दिवस हुकला तर जबाबदार कोण. अक्काने सहीचा कागद त्यांच्यापुढे सरकवला.

"भाऊ, सही दुसऱ्या कोणाची घ्या. माझं स्टूलही त्यालाच द्या. मी रागाने बोलत नाही."

वीस वर्षांच्या वर जिथे बसली त्या जागेबद्दल ती बोलत होती, आणि आवाज चहा मागवल्यासारखा. भाऊंनी कागदाला हात लावला नाही. मी मात्र पेटले. मला वाटलं, ही बाई एका छापील आकड्यासाठी गरिबाची भाषा दारातून परत पाठवतेय. मी तसं बोलले. आणखीही बोलले, ते इथे लिहीत नाही. ते आठवलं की अजून कान तापतात.

अक्काने विचारलं, "तुझे वडील पत्रक किती पानांचं काढतात?"

मी म्हटलं, एकाच कागदाचं. दोन्ही बाजूंनी. त्याहून जास्त परवडतच नाही.

"मग मजकूर जास्त झाला की शेजारच्याच्या भिंतीवर छापतात का?"

बाप काय करायचा ते मला माहीत होतं. रात्रभर वाक्यं खोडायचा.

दुसऱ्या दिवशी अक्काने मला चोपड्याच्या एसटीत बसवलं. केळीच्या एका बागेत आम्ही गेलो. तिथल्या सुमनताई आमचा जुना डबा वापरायच्या, म्हणजे लटकवून ठेवायच्या. अक्काने माझ्या सूचनांचा कागद मला मोठ्याने वाचायला लावला. मी वाचलं, 'जलस्रोतातील पातळी अपुरी असल्याने पंप स्थगित करण्यात आला आहे.' सुमनताई विनयाने ऐकत होत्या. त्यांच्या सासूबाई गोठ्याच्या कडेला बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "हाई पोर्गी पंचायतनी शे का?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. लोकांच्या भाषेसाठी भांडणारी मी, आणि लोकांना मी नोटीस वाटत होते.

मग अक्काने कागद माझ्याकडून काढून घेतला आणि सुमनताईंना विचारलं की पंप थांबला तर तुम्हाला काय कळायला हवं. त्यांनी बोटांवर सांगितलं. वीज आहे का. विहिरीत पाणी आहे का. कोणता तुकडा चालू आहे. कुठला व्हॉल्व्ह अडकला. परत कधी चालू होणार. आणखी दोन बागा फिरलो, तिथेही जवळपास हेच. येताना एसटीत मी खोडत बसले. दोनशे चाळीसच्या शेहेचाळीस सूचना उरल्या. 'विहिरीत पाणी कमी. पंप बंद.' असल्या. अक्का खिडकीशी डोळे मिटून बसली होती, पण मी एखादं वाक्य वाचवायला बघतेय हे तिला कसं कोण जाणे कळायचं आणि ती न बघता म्हणायची, खोड.

पुढचे बारा दिवस मी कधीच विसरणार नाही. सूचना कमी झाल्या, मग त्यांत जी अक्षरं आणि जोडाक्षरं येतच नाहीत त्यांची चित्रं काढून टाकली. एकोणतीस घरांची सोळा झाली. तरी एक घर बाहेर. अक्का मग जुन्या प्रोग्रामच्या यादीवर पट्टी ठेवून ओळीओळीने बसली आणि प्रत्येक तुकड्याला तोच प्रश्न, कुठून कुठपर्यंत. पाण्याचा दाब 'एक पॉइंट पाच' असा दाखवण्यासाठी मी पूर्वी एक तयार सोय ओढून आणली होती. ती एकटी तीन घरं खात होती. अक्का म्हणाली, पंधरा मोज आणि मधे टिंब काढ, त्याला तीन घरं कशाला. मी तसं केलं. एकोणचाळीसची छत्तीस झाली. छत्तीस आणि सोळा, बावन्न. खडूने भरून झाल्यावर मधली दोन घरं मोकळी राहिली होती. मी म्हटलं, अक्का, यांत अजून पाच-सहा सूचना मावतील. तिने खडू माझ्या हातातून घेतला आणि त्या घरांत काहीच लिहिलं नाही. उद्या चूक निघाली तर दुरुस्ती कुठे ठेवशील, एवढंच म्हणाली.

मग खटका घेऊन बसली. दोनशे वेळा. भाऊ दाराशी उभे राहून मोजत होते. सही झाली तेव्हा त्यांनी तो कागद दोन्ही हातांनी घेतला.

ठरल्या दिवशी भिंतीवर डबा मराठीत बोलला. गटाने घेतला. सुमनताईंच्या भिंतीवरचाही बदलला. त्या चिपांच्या मागच्या अर्ध्या भागात काय आहे, तो टिकला असता की नसता, हे मला आजही माहीत नाही. अक्काने कधी त्याचा विषय काढला नाही, आणि आपलं बरोबर होतं असंही कधी म्हणाली नाही. मला अभिमान वाटतो तो याचा. पुढे वाईट झालं असतं म्हणून ती बरोबर ठरली, असं सांगायची सोयच तिने ठेवली नाही. जे लिहून दिलंय तेवढ्यात तिने लोकांची भाषा बसवून दाखवली. लढायचं कसं हे मी पत्रकांतून शिकले, पण लढताना दुसऱ्याच्या पिकावर जुगार खेळायचा नाही हे मला कुठल्याच पत्रकात सापडलं नव्हतं.

यंदा गुडघे ऐकेनात म्हणून अक्काने काम सोडलं. पिंपळनेरला लेकीजवळ राहायला जायचं ठरलं. शेवटच्या दिवशी सकाळी भाऊंनी पेढे आणले, शाल आणली, भाषण करायला उभे राहिले आणि दोन वाक्यांत अडकले. अक्काने ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा सगळ्यांसाठी आणला होता. तेवढ्यात फोन वाजला. सुमनताई होत्या. मी स्पीकर लावला.

त्या रागात होत्या. तुमचा डबा खोटं बोलतो म्हणाल्या. मग एकेक शब्द जोर देऊन त्यांनी वाचून दाखवलं, विहिरीत पाणी कमी, पंप बंद. "अन् मी आत्ता वाकून बघून आली, पाणी कमरेच्या वर शे. कोण खरं, मी का तुमचा डबा?"

इतक्या वर्षांत त्या डब्याशी कुणी भांडलं नव्हतं. इंग्रजीशी कोण भांडणार? वायर ओढली की संपलं. अक्का फोनजवळ आली आणि म्हणाली, "ताई, तुम्हीच खऱ्या. पाणी मोजायला विहिरीत सोडलेली ती काळी वायर वर ओढा बरं. टोकाला गाळ बसलाय का?" बसला होता. सुमनताईंनी पदराने पुसला, वायर परत सोडली. आम्ही तिकडची वायर घासल्याचा आवाज ऐकत होतो. मग त्यांनी पुढची ओळ वाचली, 'पाणी ठीक. पंप चालू,' आणि निरोप न घेता फोन ठेवून दिला.

अक्काने चष्मा काढून पुसला. भाऊ शाल हातात धरून तसेच उभे होते.

"भांडली ना ती," अक्का म्हणाली. "आते बठ्ठा भांडतीन. तू ऐक."

मी तिला धुळ्याच्या एसटीत बसवून परत आले. दुपारी आणखी दोन फोन आले, दोन्ही भांडायचे. मी तिच्या स्टुलावर बसून शेवटपर्यंत ऐकले.